तक्रारवहीतला पाइप

तिसऱ्या मजल्याची ताई मी होते. कागदावर त्या कामाला ‘निवासी सहायक’ असं भारदस्त नाव आहे, पण मजल्यावर सगळ्या मला ताईच म्हणायच्या. चोवीस खोल्या, चोवीस मुली. नळ गळतो, शेजारीण पहाटे पाचला मोठ्यानं पाठांतर करते, चहाची किटली कुणीतरी ढापली, सगळं ताईच्या डोक्यावर. मी स्वतः शेवटच्या वर्षाला होते, मलाही अभ्यास होता, हे कुणाच्या गावीही नसायचं.

नेमणुकीच्या दिवशी रेक्टरबाई म्हणाल्या होत्या, “मागच्या वर्षी त्या मजल्यावर मुली एकमेकींना ओळखतसुद्धा नव्हत्या. तुला जमेल ना?” जमेल ना! असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. जमवूनच दाखवते, म्हटलं.

आणि दाखवलं. दर बुधवारी कॉमन रूममध्ये सगळ्यांचा एकत्र चहा. गुरुवारी सकाळी गाण्याची तालीम, ज्यांना गाता येत नाही त्यांनी टाळ्या तरी वाजवायच्या. आणि जिन्याच्या तोंडाशी पाट्यांचा फळा. तो माझा लाडका. चोवीस खिळे, चोवीस गोल पाट्या, प्रत्येकीनं आपल्या हातानं नाव घातलेल्या. एक बाजू हिरवी, एक लाल. बाहेर पडताना लाल करायची, परत आलं की हिरवी. कुठे आग लागली, काही झालं, तर आत किती जणी आहेत ते एका नजरेत कळावं म्हणून. पहिल्या आठवड्यात मुली सारख्या विसरायच्या. मग रेक्टरबाईंनी गाजर दाखवलं. ज्या मजल्याचा फळा अख्खं सत्र चुकणार नाही, त्या मजल्याला खालचा मोठा सोफा. झालं, मुली अशा पेटल्या की विचारू नका.

बारा नंबरमध्ये पहिल्या वर्षाची एक मुलगी होती. तिला आम्ही मौनी म्हणायचो. नाव मीच ठेवलं. ती चिडली नाही, नुसती हसली. बुधवारी चहाला यायची, दोन बिस्किटं खायची, सगळ्यांचं ऐकायची, कप विसळून ठेवायची आणि जायची. तिच्या कपाबरोबर शेजारचे दोन कपही विसळलेले असायचे. एका बुधवारी मी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. “बघा गं, हिच्या तोंडातून शब्द फुटत नाही, पण पाटी एकदाही चुकलेली नाही. शिका जरा!” ती लालबुंद झाली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती खाली बसली. काय म्हणायचं होतं, ते मी नंतरही विचारलं नाही.

ज्या आठवड्याची ही गोष्ट, त्या आठवड्यात शनिवारी माझा पेपर होता. वर्षातला सगळ्यात अवघड. आणि गुरुवारी दुपारपासून माझ्या बाथरूममधला पाइप वाजायला लागला. टण, टण, टण. थांबायचा. मग परत टण, टण, टण. आमची इमारत जुनी, चारही मजल्यांतून तो एकच पाइप गेलेला, वर कुणी गरम पाणी सोडलं तरी खाली कुरकुरतो. आधी मी दुर्लक्ष केलं. शुक्रवारी दुपारी मात्र तावातावानं खाली गेले आणि वॉचमनकाकांच्या टेबलावरच्या तक्रारवहीत लिहिलं, ‘तिसरा मजला, अकरा नंबर. बाथरूमचा पाइप वाजतो. ताबडतोब बघावे.’ ताबडतोबखाली दोन रेघा ओढल्या. काका म्हणाले, प्लंबर सोमवारशिवाय येत नाही.

वर येत होते तर मौनीच्या आईचा फोन. “ताई, तिचा फोन लागत नाही हो कालपासून.” मी तेव्हा फळ्यासमोरच होते. मौनीची पाटी लाल. “काकू, ती कॉलेजला गेलीय. चार्ज करायला विसरली असेल, या सगळ्या सारख्याच धांदरट.” काकू हसल्या. म्हणाल्या, “तुम्ही आहात म्हणून आम्ही निर्धास्त.” मला बरं वाटलं. मी अकरा नंबरमध्ये, ती बाराला. बाराचं दार मला सात पावलांवर होतं.

संध्याकाळी परत टण, टण, टण. माझा पारा चढला. टेबलावरचा स्टीलचा पेला उचलला, बाथरूममध्ये गेले आणि पाइपावर तीनदा दाणकन हाणला. आवाज बंद! माझं मलाच हसू आलं. एक दणका दिला की पाइपसुद्धा वठणीवर येतो, म्हटलं. कानात बोळे घातले आणि निवांत अभ्यासाला बसले.

रविवारी सकाळी साडेदहाला मी पाट्यांची नोंद करायला वही घेऊन फळ्यासमोर उभी होते. पेपर छान गेला होता, सोफा जवळजवळ आमचाच होता. परत काकूंचा फोन.

“ताई, अजून बंदच लागतोय. शुक्रवारी तुम्ही म्हणालात कॉलेजला गेलीय, म्हणून मी गप्प राहिले. पण शनिवारी ती करतेच करते हो फोन. काल नाही केला.”

मी पाटी बघितली. हिरवी. “काकू, आत आहे ती. थांबा, फोन नेऊन तिच्या हातातच देते.”

बारा नंबरचं दार वाजवलं. परत वाजवलं. तेरा नंबरमधून रेडिओ बाहेर आली, तोंडात ब्रश. ही आमची रेडिओ उठल्यापासून झोपेपर्यंत बोलते, म्हणून रेडिओ.

“काय गं, मौनी आत आहे ना?”

“मला काय ठाऊक?”

“अगं, पाटी हिरवी आहे तिची.”

“ती होय!” तिनं ब्रश बाहेर काढला. “ती मीच फिरवते की. सकाळी माझी लाल करताना तिची पण करते, रात्री माझी हिरवी करताना तिची पण. सुरुवातीला ती सारखी विसरायची ना. सोफा गेला असता आपला.”

“कधीपासून फिरवतेस?”

“झाले की दोन-अडीच महिने. का?”

फोन माझ्या कानालाच होता. पलीकडे काकूंचा श्वास ऐकू येत होता. मग त्या अगदी हळू म्हणाल्या, “म्हणजे शुक्रवारी तुम्ही तिला पाहिलंच नव्हतं?”

“काकू, पाच मिनिटांत फोन करते,” म्हटलं आणि बंद केला. सरळ सांगायचं तर मी पळाले.

मी भिंतीला टेकले. तरी तोंडानं मी अजून ताईच. “घाबरायचं काही नाही, गेली असेल कुठे मैत्रिणीकडे,” मी रेडिओला म्हटलं. मौनीला मैत्रीण कोण आहे, हे आम्हां दोघींनाही माहीत नव्हतं. आम्ही दारोदार फिरलो. मौनीला शेवटचं कुणी पाहिलं? दहा नंबर म्हणाली, बुधवारी चहाला. चौदा नंबर म्हणाली, काल पाटी लाल होती, म्हणजे कॉलेजला गेली असणार. वीस नंबर म्हणाली, रात्री हिरवी बघितली. सगळ्यांनी पाटी बघितली होती. मुलीला कुणीच बघितलं नव्हतं. बुधवारनंतर एकीनंसुद्धा नाही. आणि हे सांगताना एकेकीचा चेहरा पांढरा पडत गेला, कारण प्रत्येकीला वाटत होतं की दुसरीनं तरी पाहिलं असेल.

मी बाराच्या दारापाशी गुडघे टेकून फटीतून बघितलं. आत दिवा चालू होता. दिवसाढवळ्या पिवळा दिवा. पलंगाचे पाय आणि तिच्या चपला दिसल्या, दोन्ही एकमेकींना चिकटवून नीट ठेवलेल्या. बाहेर गेली असती तर चपला आत कशा असत्या? हाका मारल्या. आधी ताईच्या आवाजात, मग कुठल्या आवाजात कोण जाणे. दाराला कान लावला तर माझ्याच छातीचे ठोके. मागे वीस-बावीस जणी उभ्या, आणि मजल्यावर टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. एवढी शांतता मला अख्ख्या सत्रात कधी मिळाली नव्हती.

“किल्ली,” रेडिओ म्हणाली. “ताई, किल्ली आण ना!”

प्रत्येक खोलीच्या दारात बसवलेल्या कुलपाची दुसरी किल्ली खाली ऑफिसातल्या काचेच्या कपाटात असते. मी जिना उतरायला लागले. एक गोष्ट आजवर कुणाला सांगितली नाही, ती सांगते. उतरताना मला वाटत होतं, किल्ली मिळूच नये. कपाट बंद असावं, काका जागेवर नसावेत, दुसऱ्या कुणीतरी ते दार उघडावं. दार बंद आहे तोवर ती आत नुसती झोपलेली आहे, असं मनाला समजावता येत होतं.

काका जागेवर होते. रेक्टरबाई मात्र रविवारच्या सुट्टीला लेकीकडे गेलेल्या, आणि फोन उचलत नव्हत्या.

“बाईंना विचारल्याशिवाय कपाट उघडायचं नाही, असा नियम आहे,” काका म्हणाले. “थांब जरा. होईल फोन.”

“काका, बुधवारपासून कुणी पाहिलं नाही तिला!”

“अगं, मुली जातात घरी न सांगता. मागच्या वर्षी नाही का, त्या दुसऱ्या मजल्यावरच्या...” बोलता बोलता त्यांनी तक्रारवही पुढे ओढली. त्यांची सवयच ती, कुणी आलं की वही पुढे. “बरं, तुझा तो पाइप काय म्हणतोय? वाजतोय का अजून? उद्या येतोय प्लंबर.”

“नाही,” मी म्हटलं. “बंद झाला. शुक्रवारीच.”

म्हटलं आणि वहीतल्या माझ्याच अक्षरांवर नजर गेली. अकरा नंबर, बाथरूमचा पाइप. अकरा आणि बाराच्या बाथरूमांमध्ये एकच भिंत. पाइप त्या भिंतीतून जातो. टण, टण, टण. तीन ठोके आणि थांबायचा. परत तीन. पाइप कधी मोजून वाजतो का?

काय बोलले ते मला आठवत नाही. काका नंतर सांगायचे की मी फक्त “ती होती, काका, ती होती” एवढंच म्हणत होते. ते एकदम उठले. कपाटाची किल्ली शोधली नाही, नियम आठवला नाही, पेपरवेट उचलला आणि कपाटाची काच फोडली. साठीचा माणूस, पण माझ्या आधी तिसऱ्या मजल्यावर पोचला.

किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. “मुलीची खोली आहे. तू जा आधी.”

किल्ली दारातल्या कुलपात जाईना. रेडिओनं माझं मनगट धरलं, तेव्हा गेली.

खोली नीटनेटकी होती. टेबलावर बंद पडलेला फोन. पलंगावर गुरुवारच्या तासाची वही आणि घडी घातलेला टॉवेल. बाथरूमचं दार लोटलेलं. मी ढकललं तर ते चार बोटं उघडलं आणि आत कशाला तरी अडलं. मऊ कशाला तरी. मी किंचाळले. मागच्या मुली किंचाळल्या. त्या चार बोटांच्या फटीतून मला एक हात दिसला, फरशीवर पालथा पडलेला.

काकांनी मला बाजूला केलं, दार बिजागरीतून उचकटलं. ती नळाखाली एका कुशीवर पडली होती. ओठ फुटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. प्लास्टिकच्या बादलीची लोखंडी कडी तिनं काढली होती आणि ती अजून तिच्या मुठीत होती. समोर पाइपावरचा पांढरा रंग हाताच्या उंचीवर, एकाच जागी, पार खरवडून गेला होता.

मी तिच्या तोंडाशी हात नेला. काहीच नाही. हात अजून जवळ नेला, मग बोटांना ऊब लागली. इतकी पुसट की मी तीनदा बघितलं.

“आहे,” मी म्हटलं. “आहे गं, आहे!” आणि तिथेच ओल्या फरशीवर फतकल मारून रडायला लागले. अँब्युलन्स कुणी बोलावली, काकूंना कुणी कळवलं, मला ठाऊक नाही. बहुतेक रेडिओनं. त्या दिवशी ती एक शब्द जास्तीचा बोलली नाही.

मंगळवारी दुपारी तिला भेटू दिलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टर म्हणाले, नळ हाताशी होता म्हणून वाचली, अजून एक दिवस गेला असता तर सांगता आलं नसतं. मी दोन रात्री झोपले नव्हते. दवाखान्याच्या जिन्यावर दोनदा मागे फिरले. काकू काय म्हणतील, तोंडावर थुंकतील, सगळं मनात म्हणून झालं होतं.

काकू स्टुलावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मला काही कळेना.

“तुमच्यामुळे वाचली हो ती,” काकू म्हणाल्या. “सांगितलं तिनं मला सगळं.”

मौनी उशीवरून माझ्याकडे बघत होती. चेहरा इवलासा झालेला. सत्रभरात ती माझ्याशी बोलली नव्हती एवढं त्या दिवशी बोलली, दोन-दोन शब्दांवर थांबत.

“गुरुवारी सकाळी पाय घसरला. खूप ओरडले, पण त्या दिवशी गाण्याची तालीम होती ना. सगळ्यांचा आवाज येत होता. मग कडी काढली बादलीची. गुरुवारी दुपारपासून वाजवत होते. शुक्रवारी पण. कुणी येईचना. हात दुखायला लागला होता, वाटलं, आता संपलं.” ती थांबली. काकूंनी तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. “आणि मग तुम्ही उत्तर दिलंत. तीन ठोके. मी तीन वाजवले, तुम्ही पण तीन. मला इतकं रडू आलं. म्हटलं, ताईंनी ऐकलं. आता येतीलच. म्हणून मी थांबले.”

खोलीत सलाइनची बाटली थेंब थेंब ठिबकत होती.

“रात्रभर वाट बघितली,” ती म्हणाली. “मग परत वाजवायला गेले तर हातच उचलेना. पण मी घाबरले नाही. ताईंना माहीत आहे, एवढंच म्हणत होते.”

काकूंनी माझे दोन्ही हात पुन्हा घट्ट धरले. “पण ताई,” त्यांनी विचारलं, आणि आवाजात कसलाही संशय नव्हता, नुसतं न कळलेलं कळून घ्यायचं होतं, “शुक्रवारी ऐकलंत, तर मग यायला रविवार का उजाडला? किल्ली मिळत नव्हती का?”

हो म्हणता आलं असतं. काका माझ्या बाजूनं बोलले असते, रेक्टरबाईंनी तर आनंदानं मान डोलावली असती. कपाट, नियम, सुट्टी, सगळं तयार होतं. तोंडापर्यंत आलंही. रविवारी त्या दाराबाहेर वाटली होती त्याहून जास्त भीती मला त्या क्षणी वाटली, कारण आता दार उघडायचं ते माझं मलाच.

“मी उत्तर दिलं नव्हतं,” मी म्हटलं. “मला वाटलं पाइप वाजतोय. मला अभ्यास करायचा होता. गप्प बस म्हणून हाणला होता पेला.”

काकूंनी माझे हात सोडले. सावकाश सोडले, आधी एक, मग दुसरा. माझ्याकडे पाठ करून त्यांनी टेबलावरची पाण्याची वाटी घेतली आणि चमच्यानं लेकीला पाणी पाजायला लागल्या. मौनीनं दोन चमचे घेतले, तिसऱ्याला मान वळवली. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. तोंड उघडलंही तिनं.

या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. मी उभी राहिले आणि वाट बघत होते. तिनं परत तोंड मिटलं.